गॅदरर्स हट की शेत? 'बॅनिश्ड'मध्ये आधी काय बांधायचं हे कसं ठरवायचं

स्टीम या ऑनलाइन गेमच्या दुकानात सेल लागला की 'बॅनिश्ड' हा गाव वसवण्याचा गेम पुन्हा नव्या लोकांच्या हातात जातो आणि थोड्याच दिवसात तीच तक्रार ऐकू येते, की गाव मस्त चाललं होतं, घरं बांधली, मुलंबाळं झाली आणि तिसऱ्या-चौथ्या हिवाळ्यात अचानक माणसं भुकेने मरायला लागली. या गेममध्ये शत्रू नाही, लढाई नाही, कुणी येऊन गाव जाळत नाही. गाव मरतं ते आपणच कुठली इमारत कधी आणि कुठे बांधली यावरून, म्हणून हा विषय जरा नीट उलगडून सांगतो.

गेम जुना आहे, 18 फेब्रुवारी 2014 ला आला. ल्यूक होडोरोविच नावाच्या एकाच माणसाने 'शायनिंग रॉक सॉफ्टवेअर' या नावाखाली तो बनवला. हाकलून दिलेली मूठभर कुटुंबं नव्या जागी येतात आणि तिथे त्यांनी तग धरायचा, एवढीच गोष्ट. पैसा नाही, टेक ट्री नाही, म्हणजे आधी हे अनलॉक करा मग ते असला प्रकारच नाही. हाताशी लाकूड, दगड, लोखंड असेल तर पहिल्या मिनिटापासून कुठलीही इमारत बांधता येते, आणि खरी अडचण तिथेच आहे. सगळंच उघडं असल्यावर गेम तुम्हाला काहीच सुचवत नाही, निवड पूर्णपणे तुमची.

आधी पात्रं ओळखून घेऊ

जगायला लागणारं अन्न मुख्यतः चार ठिकाणांहून येतं. गॅदरर्स हटमध्ये जास्तीत जास्त 4 माणसं लागतात, ती जंगलात फिरून बेरी, मशरूम, कंदमुळं, रानकांदे गोळा करतात. हंटिंग केबिनमध्ये 3 शिकारी, ते हरणं मारतात, त्यातून मांस आणि कातडं मिळतं. फिशिंग डॉकवर 4 माणसं मासे धरतात. आणि चौथं शेत, म्हणजे क्रॉप फील्ड, जे तुम्ही 15 बाय 15 टाइल (नकाशावरचे चौकोन) पर्यंत आखू शकता. फळबागा आणि जनावरांची कुरणंही आहेत, पण झाडं फळाला यायला वर्षं जातात आणि जनावरं आधी मिळवावी लागतात, म्हणून सुरुवातीच्या हिशोबात ती धरायची नाहीत.

हट, केबिन आणि डॉक बांधताना भोवती एक वर्तुळ दिसतं. ते त्या इमारतीचं कार्यक्षेत्र, यापुढे मी त्याला सर्कल म्हणेन. सर्कलच्या आत जे आहे तेच त्या इमारतीला मिळणार. आत घनदाट झाडी असेल तर गॅदरर्स हट भरभरून देईल, आणि त्याच सर्कलमध्ये अर्धा डोंगर, अर्धी नदी आणि मधूनमधून तुमची घरं असतील तर तीच हट, तीच 4 माणसं, पण उत्पन्न पडेल. नवे लोक इथेच फसतात. इमारतीचं नाव वाचून ती चांगली की वाईट ठरवतात, पण अर्ध्याहून जास्त उत्तर जागेत असतं.

इमारतीचा आकडा नको, माणसामागचा बघा

एक माणूस वर्षाला साधारण 100 एकक अन्न खातो. लहान पोरंही खातात, शाळेत जाणारेही खातात, घर बांधणारा, लाकूड फोडणारा, लोहार, सगळेच खातात. म्हणजे 30 जणांच्या गावाला वर्षाला 3000 लागले.

आता समजा या 30 मध्ये काम करू शकणारे 16 आहेत आणि त्यातल्या 8 जणांना तुम्ही अन्नाच्या कामाला लावलंय. तर प्रत्येकाने वर्षाला 375 आणलं पाहिजे, तेव्हा कुठे गाव जेमतेम जगेल, साठा शून्य. आता जागा वाईट मिळाली आणि माणसामागे 300 च यायला लागले, तर त्याच 3000 साठी 10 माणसं लागतील. दोनच माणसं जास्त, वरवर काही वाटत नाही, पण ती दोन माणसं कुठून काढली? लाकूडतोडीतून एक काढला आणि बांधकामातून एक काढला, मग सरपण कमी पडलं, घरं रखडली, आणि अन्न पुरेसं असून लोक थंडीने मरायला लागले. म्हणूनच या गेममध्ये भूक आणि थंडी सहसा जोडीने येतात.

हे मोजणं अवघड नाही. इमारतीवर क्लिक केलं की गेल्या वर्षी आणि यंदा किती माल निघाला ते दिसतं. त्याला तिथे काम करणाऱ्या माणसांनी भागा, बस. एक हट 4 माणसांत 2400 देते आणि एक केबिन 3 माणसांत 900 देते असं समजा दिसलं, तर माणसामागे 600 आणि 300, दुप्पट फरक. हे आकडे उदाहरणाचे आहेत, तुमच्या नकाशावर वेगळे येतील, येऊ देत, भागाकार मात्र करा. मला तर वाटतं हा एक भागाकार जो नियमित करतो त्याचं गाव सहसा बुडत नाही.

मग सर्वात भारी इमारत कुठली?

हा प्रश्नच जरा चुकीच्या बाजूने विचारलेला आहे. विचारायचं हे, की या घडीला माझ्याकडे कमी काय आहे.

एखादी खानावळ डोळ्यासमोर आणा. स्वयंपाकाला दोन बाया, शेगड्या सहा, तांदळाची पोती थप्पीला लागलेली. मालकाने अजून दोन शेगड्या आणल्या तर ताटं वाढतील का? नाही वाढणार, कारण अडतंय बायांच्या हातांवर. उद्या चार बाया ठेवल्या की मग अडेल शेगड्यांवर, आणि तेव्हा शेगडी घेण्यात अर्थ आहे. जिथे अडतं त्या जागेला बॉटलनेक म्हणतात, आणि ही जागा हलत राहते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. शेतीशास्त्रात हा विचार एकोणिसाव्या शतकापासून आहे, कार्ल स्प्रेंगल आणि युस्टस फॉन लीबिग या जर्मन शास्त्रज्ञांच्या नावाने तो ओळखला जातो, की पिकाची वाढ सर्वात कमी असलेल्या घटकावर ठरते, बाकीचं कितीही ओतलं तरी उपयोग नाही.

बॅनिश्डमध्ये सुरुवातीला जमीन अफाट असते, माणसं मात्र मोजकी. मग निवड अशी हवी जी माणसामागे जास्त देईल, जमीन कितीही खाल्ली तरी चालेल. गॅदरर्स हट नेमकी तशीच आहे, एवढ्या मोठ्या सर्कलमध्ये फक्त 4 माणसं. पुढे गाव शंभर-दीडशेवर गेलं की चित्र उलटतं, माणसं मिळतात पण गावाजवळ मोकळं जंगल उरत नाही, आणि तेव्हा कमी जागेत जास्त पिकवणारं शेत जिंकतं. म्हणजे हटवाले बरोबर की शेतवाले बरोबर हा वाद फुकटचा आहे, दोघं वेगवेगळ्या वर्षांबद्दल बोलत असतात.

पण शेत पहिल्यापासूनच केलं तर काय बिघडलं?

बिघडतं ते वेळेचं गणित. शेताची पेरणी वसंतात, काढणी शरदात. तुम्ही उन्हाळ्यात शेत आखलं तर यंदाचं वर्ष गेलं, पुढच्या शरदापर्यंत त्यातून दाणा नाही, म्हणजे मधला एक अख्खा हिवाळा दुसऱ्या कशावर तरी काढायचा आहे. गॅदरर्स हट तसं करत नाही, जंगल आधीपासून उभंच आहे, माणसं नेमली की त्याच हंगामात टोपल्या यायला लागतात. पहिल्या वर्षी वर्षाला किती मिळतं यापेक्षा पहिला घास कधी मिळतो हे जास्त महत्त्वाचं.

दुसरं म्हणजे बियाणं. हार्ड डिफिकल्टीवर सुरू केलं तर बी मिळतच नाही, ट्रेडिंग पोस्ट बांधून व्यापाऱ्याची नाव येईपर्यंत थांबायचं आणि त्याच्याकडे जे असेल ते घ्यायचं. तिसरं, थंडी लवकर पडली आणि काढणी अर्धी राहिली तर उभं पीक जातं, अगदी हातातोंडाशी आलेला घास. शेत मोठं आखून माणसं कमी दिली की हे हमखास होतं. आणि शेजारी शेजारी एकच पीक लावलं तर रोग एका शेतातून दुसऱ्यात जातो, म्हणून गावाचं सगळं पोट एकाच पिकावर ठेवायचं नाही.

तरीही शेताची एक मोठी जमेची बाजू आहे जी लोक मोजत नाहीत. हिवाळ्यात शेतकरी मोकळा असतो, मग तोच माणूस लाकडं आणतो, दगड वेचतो, बांधकामाचं सामान वाहतो. वर्षाच्या उत्पन्नाला माणसांनी भागताना शेतकरी कमी पडल्यासारखा दिसतो, पण त्याचे हिवाळ्यातले हात हिशोबात धरले की तो तेवढा मागे राहत नाही.

हंटिंग केबिन मग कशाला?

नुसत्या अन्नाच्या आकड्यावर बघितलं तर शिकारी बहुतेक वेळा मागे पडतो, आणि म्हणून काही जण तो बांधतच नाहीत, जे मला पटत नाही. तो कातडं देतो. त्या कातड्यापासून टेलर, म्हणजे शिंपी, कोट बनवतो, आणि अंगावर चांगला कोट असेल तर माणूस थंडीत जास्त वेळ बाहेर काम करू शकतो, सारखा शेक घ्यायला घरी पळत नाही. म्हणजे एका केबिनचा फायदा हिवाळ्यात बाहेर काम करणाऱ्या प्रत्येक माणसाच्या कामात मिसळतो, तो केबिनवर क्लिक करून दिसणाऱ्या आकड्यात दिसणार नाही. शिवाय हरणाचं मांस प्रोटीनमध्ये मोजलं जातं. गेम अन्नाचे गट बघतो, धान्य, फळ, भाजी, प्रोटीन, आणि एकाच गटावर जगणाऱ्या लोकांची तब्येत घसरते. नुसत्या बेरी कितीही असल्या तरी गाव निरोगी राहत नाही.

एक केबिन लवकर, हरणांचा कळप जिथे फिरतो तिथे. दुसरी बांधायची घाई नको.

फिशिंग डॉकबद्दल थोडक्यात सांगतो. सर्कलमध्ये जितकं जास्त पाणी तितकं बरं, म्हणून नदीच्या वळणावर किंवा तळ्यात घुसलेल्या टोकावर डॉक बसवा. दोन डॉकची सर्कल एकमेकांवर चढली तर दोन्ही एकाच पाण्यातले मासे वाटून घेतात. जिथे जंगल कमी आणि पाणी भरपूर तिथे डॉक, एरवी तो दुसऱ्या क्रमांकाला.

एकाच जंगलात सगळं ठेवलं तर?

ठेवाच. जुने खेळाडू याला फॉरेस्ट नोड म्हणतात, म्हणजे गावापासून जरा लांब घनदाट जंगलात एक गॅदरर्स हट, एक हंटिंग केबिन, औषधी वनस्पती गोळा करणारा एक हर्बलिस्ट आणि झाडं तोडणाऱ्या-लावणाऱ्यांची एक फॉरेस्टर लॉज, सगळ्यांची सर्कल एकमेकांवर, सोबत चार-पाच घरं, एक बार्न म्हणजे अन्नाचं कोठार आणि लाकूड रचून ठेवायला एक स्टॉकपाइल. हे जमतं कारण प्रत्येक जण त्याच जंगलातून वेगळी गोष्ट घेतो. पण दोन गॅदरर्स हट एकाच सर्कलमध्ये बसवल्या तर त्याच बेरींवर 8 माणसं तुटून पडतील, उत्पन्न दुप्पट होणार नाही, माणसामागचा आकडा मात्र कोसळेल.

इथे एक रास्त शंका येते. फॉरेस्टर झाडं तोडतो आणि गॅदररला झाडं हवीत, मग हे दोघे एकमेकांच्या मुळावर येत नाहीत का? थोडे येतात. फॉरेस्टर तोडतो तसा लावतोही, आणि तो इतकी दाट लागवड करतो की विरळ जंगल काही वर्षात भरून येतं. पण औषधी वनस्पती आणि जंगलातलं बरंचसं खाणं जुन्या, वाढलेल्या झाडांखाली चांगलं येतं. फॉरेस्टर लॉजवर तोडणं आणि लावणं यांची वेगळी बटणं आहेत. लाकूड पुरेसं असेल तेव्हा तोडणं बंद ठेवा आणि लावणं चालू. किंवा 4 ऐवजी 2 च फॉरेस्टर ठेवा. एवढ्याने तिथली हट आणि हर्बलिस्ट दोन्ही सुधारतात.

चालण्यात गेलेलं वर्ष

खरं सांगायचं तर मला हा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि नेमका हाच कुठल्या आकड्यात दिसत नाही. बॅनिश्डमधला माणूस सकाळी हटपाशी उगवत नाही. तो घरातून चालत निघतो, काम करतो, माल उचलून बार्नपर्यंत नेतो, भूक लागली की घरी जातो, घरात अन्न संपलं असेल तर ते आणायला पुन्हा बार्नला जातो, थंडी वाजली की परत घरी. घर नकाशाच्या एका टोकाला आणि हट दुसऱ्या टोकाला असेल तर त्याचं निम्मं वर्ष रस्त्यावर जातं, आणि तुम्हाला वाटत राहतं की हट खराब आहे, मग तुम्ही दुसरी हट बांधता, तिथेही माणसं तशीच लांबून येतात.

म्हणून नोड बांधताना घरं त्याच वेळी बांधा, नंतर बघू म्हणू नका. साधं लाकडी घर 16 लाकडं आणि 8 दगडांत होतं, त्यामानाने ते जे वाचवतं ते खूप आहे. बार्न हटला अगदी खेटून. मात्र घरं सर्कलच्या मधोमध पसरू नका, कारण घराखालची जागा म्हणजे झाड नसलेली जागा, एका कडेला गोळा करून ठेवलेली बरी. बार्न भरला की माल ठेवायला जागा नाही म्हणून काम अडतं, हेही बघत जा.

अजून एक, लिमिट. गेममध्ये अन्न, लाकूड, सरपण, सगळ्याला एक कमाल मर्यादा ठरवलेली असते आणि साठा तिथे पोचला की त्या इमारतीतली माणसं ते काम थांबवतात. नवे खेळाडू सुगीनंतर हट बंद का पडली म्हणून हैराण होतात, तर अन्नाची लिमिट भरलेली असते. गाव वाढलं की लिमिट वाढवा, नाहीतर हिवाळ्याची बेगमी जुन्या गावाच्या मापाने होईल आणि खाणारी तोंडं नव्या गावाची असतील.

हे फक्त बॅनिश्डपुरतं आहे का?

नाही. 2018 मध्ये पोलंडच्या '11 बिट स्टुडिओज'चा 'फ्रॉस्टपंक' आला, तिथे गोठलेल्या जगात मधोमध शहराला ऊब देणारा जनरेटर आहे आणि तो कोळशावर चालतो. कोळसा मिळवायचे अनेक मार्ग आहेत. कोल माइन फक्त जिथे कोळशाचा साठा दाखवलाय तिथेच बसते, पण कोळसा थेट देते. कोल थम्पर जमिनीवर दणके देऊन कोळसा वर काढतो, पण वर काढलेला तो ढीग उचलायला शेजारी गॅदरिंग पोस्ट लागते, तिथे वेगळी माणसं. थम्परवर 10 आणि प्रत्येक पोस्टवर अजून 10. थम्परचा आकडा आणि माइनचा आकडा शेजारी ठेवून तुलना केली तर ती खोटी तुलना होते, कारण थम्परचे निम्मे लोक दुसऱ्या इमारतीच्या नावावर आहेत. चारकोल किल्न लाकडाचा कोळसा करते, पण मग ते लाकूड तोडणारे कोणाच्या खात्यात धरायचे?

अन्नाचंही तसंच. शिकारी शहराबाहेर जातात, त्यांच्या कामाच्या जागेला ऊब द्यावी लागत नाही. बंदिस्त जागेत अन्न पिकवणाऱ्या हॉटहाउसला ऊब लागते आणि स्टीम कोअर नावाची दुर्मिळ वस्तूही लागते. शहर गारठलेलं आणि कोळसा तुटपुंजा असताना हॉटहाउस म्हणजे अन्नाच्या नावाखाली कोळसा जाळणं. पण माणसं कमी पडत असतील आणि कोळसा ओसंडत असेल तर तोच हॉटहाउस शहाणपणाचा.

परत बॅनिश्डवर येतो, दगड आणि लोखंडाकडे. क्वारी म्हणजे दगडाची खाण आणि माइन म्हणजे लोखंड-कोळशाची. दोन्ही खूप माणसं खातात, कधीतरी संपतात, आणि संपल्यावर ती जागा परत वापरता येत नाही, खड्डा कायमचा तिथेच. म्हणून गावाच्या ऐन मध्यावर क्वारी कधीही नको. सुरुवातीची बरीच वर्षं नकाशावर विखुरलेला दगड आणि लोखंड वेचूनच भागतं, त्यासाठी इमारत लागत नाही, मोकळे मजूर पुरतात, आणि शेतकऱ्यांचा रिकामा हिवाळा इथेच कामी येतो. पुढे ट्रेडिंग पोस्टवर सरपण किंवा कोट देऊन दगड घेणं पुष्कळदा खाण खणण्यापेक्षा कमी माणसांत होतं.

एवढा हिशोब केला तर खेळण्यातली मजा जाते का?

काहींना तसं वाटतं आणि ते समजण्यासारखं आहे, दिवसभर ऑफिसात आकडे बघून आल्यावर रात्री परत भागाकार कोण करणार. पण या गेममध्ये चूक केल्यावर तिचा परिणाम दोन-तीन वर्षांनी दिसतो, तोवर मागे जाऊन काही बदलता येत नाही, आणि मग डोळ्यादेखत एकेक घर रिकामं होताना बघावं लागतं. त्यात मजा नाही. आकडा रोज बघायची गरज नाही, वर्षातून एकदा, शरद संपता संपता बघितला तरी पुरतो. साठ्यात किती अन्न आहे, गावात किती तोंडं आहेत, गुणिले 100. पुढच्या सुगीपर्यंत पुरेल का?

आणि तोंडं मोजताना आजची मोजू नका. मूल 10 वर्षांचं झालं की कामाला लागतं, शाळा बांधली असेल तर शिकून बाहेर पडेपर्यंत सोळाच्या पुढे जातं. शिकलेला माणूस जास्त उत्पादन करतो, म्हणून शाळा हवीच, पण शाळा सुरू केली की पुढचा काही काळ नवे हात येणं मंदावतं आणि खाणारे तेवढेच राहतात. तेव्हा शाळेची पायाभरणी करायच्या आधीच्या वर्षी एक गॅदरर्स हट जास्तीची चालू झालेली हवी, आणि घरं एकदम दहा न बांधता दोन-दोन करत बांधायला हवीत, कारण नवं घर मिळालं की तरुण जोडपं वेगळं होतं आणि लवकरच तिथे पाळणा हलतो. एकाच वर्षी दहा घरं म्हणजे एकाच वर्षी दहा-पंधरा बाळं, आणि पुढे ती सगळी एकदमच म्हातारी होतात, मग त्या वर्षी हट, डॉक, शेत सगळीकडची माणसं एकदम कमी होतात.